जहाजावर सगळ्यांना ठाऊक होतं

माझे वडील वारले तेव्हा मी पेंग्विन बघायला निघालेल्या लोकांच्या जहाजावर कामाला होतो, आणि ही बातमी जहाजावरच्या सगळ्यांना माझ्या आधी कळली होती. दहा दिवस मला कुणी पत्ता लागू दिला नाही. आता वर्ष व्हायला आलं, तरी माझा राग काही जात नाही.

आम्ही कन्नड तालुक्यातले, मेंढरं पाळणारे. मी त्यातून सुटलो. संभाजीनगरात लेणी बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या हॉटेलात सहा वर्षं चादरी बदलल्या आणि तिथूनच जहाजावर लागलो. काम तेच, फक्त खोली हलते. अर्जेंटिनाच्या टोकावरून जहाज निघालं की समुद्र असा घुसळतो की मोठमोठ्या हुद्द्यांची माणसं कागदी पिशवीत तोंड घालून बसतात. त्या पिशव्या आम्ही उचलायच्या, गालिचा पुसायचा आणि वर हसून 'गुड मॉर्निंग' म्हणायचं.

त्या बर्फाच्या मुलखात बाहेरच्या गवताचं बी जाऊ द्यायचं नाही, असा कडक नियम. म्हणून किनाऱ्यावर उतरण्याआधी प्रत्येकाचे बूट, मोजे, खिसे तपासावे लागतात. ते काम माझ्याकडे आलं, कारण लोकरीत अडकलेली कुसळं काढायला माझा हात लहानपणापासून बसलेला. बंदरातून आबांना हे फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "इतक्या लांब जाऊन बी कुसळंच काढतो व्हय रे?" आणि खोकत खोकत हसले. खोकला त्यांना महिनाभर होता. "दवाखान्यात जा," म्हणालो, "जातो," म्हणाले. आमचं शेवटचं बोलणं ते.

दुसऱ्याच दिवशी ते गेले. मला काय माहीत! दुपारच्या सुट्टीत जहाजावरचं इंटरनेट लागलं तर मी धाकट्या भावाला फोन लावायचा. तो शहरात राहतो, पण तेव्हा सुट्टीवर गावी आलोय म्हणायचा. तिकडे तेव्हा रात्रीची जेवणं आटोपत असायची. "आबा कुठंयत?" विचारलं की तो म्हणायचा, "मेंढरं बसवायला गेलेत." आमच्याकडे खतासाठी लोकांच्या रानात कळप मुक्कामाला ठेवतात, आणि रानात फोन लागत नाही. त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. कधी आई फोन घ्यायची. "रानात गेलेत रे. तू जेवलास का?" आवाज अगदी रोजचा. व्हिडिओ कॉल मात्र धाकटा लावू द्यायचा नाही, रेंज नाही म्हणायचा.

इकडे जहाजावर माझे लाड सुरू झाले. आमचा गोव्याचा सुपरवायझर एरवी चादरीची एक घडी चुकली तर सगळा पलंग उसकटायचा. त्यानं मला पिशव्या उचलण्यातून मोकळं केलं. स्वयंपाकी न सांगता डाळ-भात बाजूला काढून ठेवायला लागला. खोलीतल्या फिलिपिनो सोबत्यानं आपला खालचा पलंग मला दिला. मला वाटलं, अखेर कामाची कदर झाली. माझी छाती फुगली होती, हे सांगतानाही लाज वाटते.

प्रवासाच्या सहाव्या दिवशी तर पाळी नसताना मला किनाऱ्यावर पाठवलं. डोंगराच्या उतारावर हजारो पेंग्विन, आणि वास थेट पावसात भिजलेल्या लेंड्यांचा. मी व्हिडिओ काढला. "आबा, हे बघा! एवढा कळप, आणि राखायला कुणी नाही!" त्यात मी खदाखदा हसतोय. पाठवल्यावर धाकट्याचं उत्तर आलं, "लई भारी. दाखवतो आबांना." आयुष्यात इतका आनंद मला क्वचितच झाला असेल, आणि आबांना जाऊन तेव्हा चार दिवस झाले होते.

बाराव्या दिवशी मी मुद्दाम व्हिडिओ कॉल लावला. धाकट्याच्या चार वर्षांच्या पोरीनं उचलला आणि "पप्पा, काका!" म्हणत फोन त्याच्याकडे फिरवला. त्याचं डोकं भादरलेलं होतं. मिशी नव्हती. मागे त्याच्या शहरातल्या खोलीत भिंतीला टेकून आई बसलेली. आबांना सोडून ती कधी शहरात राहिली नव्हती.

"कवा?" मी विचारलं.

"तू निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी."

"अग्नी कुनी दिला?"

"म्या." मग रडतच म्हणाला, "आबाच म्हनले व्हते दवाखान्यात, पोरगं पान्यात हाय, सांगू नका."

मी थोरला. आणि जहाजावरचे लाड कशाचे होते, तेही एकदम कळलं. मी खाली गेलो आणि बूट घासायचा ब्रश उचलून सुपरवायझरच्या अंगावर फेकला. तो हलला नाही. म्हणाला, "तुझ्या भावाचाच मेल आला होता. जहाज मागं वळवता येत नव्हतं रे. बंदरात सांगणार होतो." बंदर अजून आठवडाभर लांब होतं. तो म्हणाला, आज झोपून राहा. झोपून काय करणार? थोड्या वेळानं मीच ब्रश उचलला आणि रांगेतल्या माणसांचे बूट घासले. एक बाई आनंदानं विचारत होत्या, आज पिल्लं दिसतील का. मला त्या पेंग्विनांचा संताप आला.

दुसऱ्या दिवशी आईला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. "तू सुदीक? रोज खोटं बोलत व्हतीस माझ्याशी?"

तिनं मला बोलू दिलं. मग म्हणाली, "तू इचारायचा, आबा कुठंयत. मी म्हनायचे, रानात गेलेत. तेवढ्यापुरतं मला बी खरं वाटायचं. दिवसभर तुझ्या फोनची वाट बघायचे मी. आता तू बी इचारनार नायस."