जंतूले लावला कूलर

लॅबमंदले किस्से सिंकमंदल्या भांड्यावानी असतात. एक धुवा, तवर चार येऊन पडतात. त्यातले जळलेले समदे माह्ये.

वर्ध्याच्या एका कॉलेजात मी लॅब अटेंडंट आहो. शिक्षन आठवी, राग एमए. सिलिंडरवाल्यासंग भांडलो, तवा मोठे सर म्हनले, "गुलाबभाऊ, अजून एक भांडण, अन् तुमची ड्युटी गेटवर." आमच्या गेटवर झाड नाई. मे महिन्यात तिथं कुत्रंही बसत नाई.

*

आमच्या मॅडम गरम झऱ्यातल्या जंतूवर काम करतात. त्याईले पंच्याहत्तर डिग्रीत ठेवा लागते. मले हे कोनं सांगतलं नोतं. हिंगणीच्या घरून उन्हात येता येता माह्यंच डोकं उकळलं होतं. पाह्यतो तं बिचारे बाटलीत शिजून राह्यले. बाटली तापवाची मशीन बंद केली, बाटलीले ओलं फडकं गुंडाळलं, अन् माह्या खुर्चीकडचा कूलर तिकडं फिरवला.

मॅडम आल्या. "गुलाबभाऊ, हे काय?"

"जीव आहे मॅडम त्याईले बी."

"होता," मॅडम म्हनल्या.

*

रागावल्या नाई, समजावून सांगतलं. प्रोटीन म्हंजे घडी घातलेला शर्ट. लय तापलं का घडी मोडते, बोळा होते. मंग जंतूच्या अंगात डब्यावानी एक दुसरं प्रोटीन असते, शॅपरोन. थे तोंड उघडते, मोडलेलं आत घेते, झाकन लावते. आत घडी बसली का बाहेर सोडते.

घरी बायकोले सांगतलं. थे म्हनली, "तुमी मावाल असा डबा कुठं भेटते?"

*

एकदा मॅडमनं कंप्युटरवर त्या डब्याचे फोटो दाखवले. एक उघडा, एक बंद. मले तं दोनी करपलेल्या बालुशाह्या वाटल्या.

"यातला काम कोनता करते?"

"तोंड बंद केलेला," मॅडम म्हनल्या, अन् माह्याकडं पाहतच राह्यल्या.

*

मंग एक बाहेरचे साहेब लॅब पाहाले आले. संग मोठे सर. साहेबांनी घाम पुसला अन् सरळ मशीनचं बटन बंद केलं. "केवढं तापवून ठेवलं! इथं माणसं बसतात का जनावरं?"

आत मॅडमच्या नव्या बाटल्या होत्या. माह्यं डोकं सटकलं. "ओ साहेब," म्हनलं अन् बाही वर केली. मोठ्या सरांनी खिडकीतून गेटकडं पाह्यलं. तेवढ्यात मॅडमनं स्टोअररूमचं दार उघडलं, मले आत लोटलं, बाहेरून कडी लावली.

आत मी झाडूले, बादलीले, फिनाईलच्या कॅनले जे बोलाचं थे समदं बोललो. मंग बोलाले कोनी उरलं नाई.

दार उघडलं. मी बाहेर आलो, बटन चालू केलं, हात जोडले. "साहेब, लिंबूपानी आनू का? मशीन मात्र राहू द्या. बंद करून मारन्याचं काम मी आधीच करून बसलो आहो."

साहेब हसले. मोठ्या सरांनी हळूच विचारलं, "मॅडम, याचं काय केलं?"

"काही नाही सर. आत घेतलं, झाकण लावलं."

हे घरी सांगाले नोतं पायजे. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आलो, तं सुतार आमच्या धान्याच्या खोलीले बाहेरून कडी बसवून राह्यलता.