आत्यांचे एकशे त्रेपन्न

हे नवऱ्याला माहीत नाही, मुलीलाही नाही. तुम्हाला सांगायला बसले आहे—आणि दोनदा उठून गेले.

माझ्या सासूबाई—मी त्यांना आत्या म्हणायचे—चौथी शिकलेल्या. आमचं घर देवळाली प्रवऱ्याला. मी रोज एसटीने नगरला जायचे, कॉलेजात गणित शिकवायला. मुलगी आठवीत असताना मोठ्याने घन पाठ करायची. ते ऐकून आत्यांनाही एक ते नऊचे घन पाठ झाले. मग दुपारभर त्या तिची जुनी वही आणि पेन्सिल घेऊन ओट्यावर बसायच्या.

एका सकाळी चहा पिताना म्हणाल्या, "रेखा, तीनच्या पाढ्यातला कुठला बी आकडा घे. एकेका अंकाचा घन कर, बेरीज कर. जे येईल त्याचं परत तसंच. शेवटाला एकशे त्रेपन्नच येतंय बघ. आन् तिथून हालत न्हाई."

मी सत्तावीस घेतले. आठ आणि तीनशे त्रेचाळीस—तीनशे एक्कावन्न. त्याचे सत्तावीस, एकशे पंचवीस आणि एक—एकशे त्रेपन्न. पुढे पुन्हा तेच.

"पाढ्यातल्या सगळ्याच आकड्यांचं असं हुतं का गं? तू तपासून सांग."

नवरा हसला. "आई शिकली असती तर हिची नोकरी गेली असती!"

थट्टाच होती. मग मला एवढी का झोंबली? एम.एस्सी. करूनही मला हे कधी दिसलं नव्हतं—म्हणून?

कॉलेजात मांडून पाहिलं. कितीही मोठी संख्या घ्या, बेरजा करता करता ती २९१६ च्या आत येतेच. तिथवरच्या, तीनने भाग जाणाऱ्या सगळ्या कॉम्प्युटरने तपासल्या. एकही चुकली नाही. आत्या बरोबर होत्या—शंभर टक्के.

संध्याकाळी त्या दारातच उभ्या होत्या. मी चप्पल काढता काढता म्हणाले, "नाही आत्या. पुढे एका ठिकाणी तुटतं."

"कुठं?"

"मोठा आकडा आहे. आता आठवत नाही."

असा आकडाच नाही—हे जगात कुणाला माहीत असेल-नसेल, मला माहीत होतं.

आत्या तो शोधायला बसल्या. एका डोळ्यात मोतीबिंदू. रोज मी घरात पाऊल टाकलं की आवाज यायचा, "आज नऊशेपर्यंत आले. अजून न्हाई तुटलं." मी म्हणायचे, "असेल पुढे." परतीच्या एसटीत मी मनात मांडत बसायचे. कुणा शिकलेल्या पाहुण्याला विचारलं तर? आणि नाहीच विचारलं तर—उद्या पुन्हा तेच?

पाच महिने मी हे चालू दिलं.

मग एका सकाळी मी टॉवेल घेऊन अंगणात आले, तर आत्या बंबापुढे बसल्या होत्या. वहीचं एकेक पान फाडून जाळात सारत होत्या. शेजारच्या काकूंना सांगत होत्या, "माझी सून शिकलेली हाय म्हून बरं. तिनं चूक काढली, न्हाईतर मी येड्यावानी गावभर सांगत फिरले असते."

कौतुकाने बोलत होत्या. माझ्याकडे बघून हसल्याही.

निम्मी वही अजून त्यांच्या मांडीवर होती. एक वाक्य पुरलं असतं.

आत्या आता नाहीत. त्यानंतर दोन वर्षं होत्या—रोज समोर होत्या. पुन्हा कधी त्यांनी पेन्सिल हातात घेतली नाही.

त्या सकाळी पाणी तापलं तशी मी बादली भरली, आंघोळ केली आणि नगरची एसटी पकडली. पहिला तास माझाच होता.