पाखाडीतला चिरा

ताई गेली त्या सकाळी मी पालीच्या बाजारात आमसुलं निवडत होते. भावोजींचा फोन आला. ‘मंदा, आटपलं सगळं...’ एवढंच म्हणाले. मिळेल त्या एसटीनं रत्नागिरी गाठली. आता महिना उलटला, तरी लोक माझी समजूत घालतात, ‘कॅन्सरच तो, तुम्ही तरी काय करणार?’ अहो, कॅन्सरनं नाही गेली माझी बहीण! त्याला तिनं धूळ चारली होती. ती गेली हृदयानं, कॅन्सरच्याच औषधांनी पोखरलेल्या हृदयानं.

किमोच्या आधीच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, ही औषधं हृदयाला बाधू शकतात, मधूनमधून इको काढावा लागेल. सोनोग्राफीचाच प्रकार. छातीवर गार जेल लावून यंत्र फिरवतात नि चालतं हृदय पडद्यावर दिसतं. ताईला त्याचं भारी अप्रूप. केस गेलेलं डोकं वळवून म्हणाली, ‘अगो मंदे, बघ तरी! जिवंत कोळंबी कशी उडत्येय!’ डॉक्टरीणबाईंनाही हसू आवरेना. तेव्हा सगळं ठीक होतं. ‘उपचार संपले तरी इको चुकवू नका हं. बिघाड मागाहूनही होतो, लवकर कळला तर गोळ्यांनी सावरता येतं,’ असं त्यांनी बजावलं.

उपचार संपले. गाठ गेली. भावोजींनी ग्रामदेवीला गाऱ्हाणं घालून नवस बोलला होता, तो फेडायला आम्ही सगळे गेलो, खणानारळानं ओटी भरली. आणि तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली. इकोची वेळ आली तशी ताई म्हणाली, ‘देवीनं पदरात घातलंन ते पुन्हा तपासून बघू? नवस फेडल्यावर दवाखान्याची पायरी चढायची म्हणजे तिच्यावर अविश्वासच की गो.’ मी भांडले. डॉक्टरीणबाईंना बुद्धी कोणी दिली, असंही विचारलं. पण ताईपुढे कोणाचं चाललंय? भावोजींनीही मान डोलावली.

त्यांचं घर पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, अगदी वरच्या टोकाला. दिवाळीत गेले तर पाखाडीच्या मध्यावर कडेला जांभ्या दगडाचा एक चिरा मांडलेला आणि त्यावर भाजीची पिशवी मांडीवर घेऊन ताई बसलेली.

‘हे काय नवीन?’

‘मासळीवाल्या मावशींना टेकायला गो... वजन वाढलंय मेलं, म्हणून मीही बसत्येय.’ एवढं बोलतानाही तिला धाप लागली.

पुढे पावलांवर सूज दिसली, तेव्हा मात्र मी तिचं काही ऐकलं नाही. रिक्षात घालून इकोला नेलं. डॉक्टरीणबाई यंत्र फिरवत राहिल्या. पडद्यावर कसलीशी मंद हालचाल चाललेली.

ताईनंच विचारलं, ‘दमलीय का हो कोळंबी?’

‘फार आधी यायला हवं होतंत,’ त्या म्हणाल्या.

औषधं दिली, पण हृदय काही सावरलं नाही. शेवटी आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून खुर्चीतच झोपायची. देवीला तिनं कधी बोल लावला नाही. मी लावला, अजून लावते.

परवा मासिक श्राद्धाला गेले. पाखाडीत मासळीवाल्या मावशी भेटल्या, डोक्यावर भरली पाटी. म्हटलं, ‘टेका की, तुमच्यासाठीच ठेवलाय ताईनं चिरा.’

मावशी थबकल्या. ‘माझ्यासाठी? बाय, मी कधीच नाय बसले. पाटी उतरवली तर परत डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं.’

त्या वर गेल्या. मी चिऱ्यापाशी उभी राहिले... बसवेना.