काकू काय म्हणाल्या

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आईला फोनवर रोज सगळं सांगतो, काय जेवलो, इकडे थंडी किती, पोरगी काय बोलली. पण हे तिलाही नाही. आणि नानांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे तोंड उघडतोय. शाळा माझी नववीतच सुटली. लिहिताना इकडचं तिकडे होईल, सांभाळून घ्या — म्हणजे लिहिणं सांभाळून घ्या. बाकीचं नको.

मी निफाडजवळ एका द्राक्षाच्या पॅकहाऊसवर सुपरवायझर आहे. माझी एक गोष्ट तिथं सगळ्यांना ठाऊक आहे. एका सीझनच्या शेवटी जेवणाच्या दिवशी मी दारू पिऊन फार वाईट वागलो, आणि तरी मला माफी मिळाली. आता ती कोणी तोंडावर काढत नाही. पण ती गोष्ट अर्धीच आहे. राहिलेली अर्धी दोघांनाच माहीत होती. त्यातलं एक माणूस आता नाही.

मी वाशिमकडचा. वडील गेले तशी शाळा सोडली आणि गावातल्या एका ट्रकवाल्याबरोबर इकडे आलो. काम मिळालं, राहायला जागा नव्हती. कोल्ड स्टोरेजच्या मागं पुठ्ठे अंथरून झोपायचो. तिथं मला नानांनी पाहिलं — नाना म्हणजे तेव्हाचे सुपरवायझर. त्यांनी नाव-गाव, जात-पात काही विचारलं नाही. "ऊठ, इथं काकडून मरशील," म्हणाले आणि गाडीवर मागं बसवून घरी नेलं. घरात नाना आणि काकू, दोघंच. ओसरीतली खाट माझी झाली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या वाटणीची भाकरी तव्यावर पडायला लागली. कोण करतं हो एवढं? मी आईला फोन केला आणि रडलो, की आई, मला घर मिळालं.

काकू पॅकहाऊसवर बायकांच्या लाइनच्या मुकादम होत्या. घड निवडणाऱ्या, कात्रीनं खराब मणी काढणाऱ्या सगळ्या बायका त्यांच्या हाताखाली. आवाज असा की मशीन, पंखे, सगळ्यांच्या वरून जायचा. आणि सीझनचा शेवटचा कंटेनर निघताना चाकापुढं नारळ फोडायचा मान त्यांचा. नारळ फोडून, हात वर करून त्या हाक द्यायच्या — "जाऊ द्या रं गाडी!" मग टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा. ती हाक झाल्याशिवाय सीझन संपला असं कोणाला वाटायचंच नाही.

मला आवाज काढता येतात. लहानपणापासून. काकूंची ती हाक मी अशी काढायचो की बायका दचकून मागं बघायच्या. सगळ्यात जास्त काकूच हसायच्या. "मुडद्या, मी एवढी बोंबलते व्हय रं?"

मग काकूंना लकवा मारला.

उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. जीभ वळेना. बोलायला जायच्या आणि तोंडातून भलतंच काहीतरी यायचं, लाळ यायची. त्यांनी माणसं भेटायची बंद केली. लाइनवरच्या लताबाई, त्यांची जिवाभावाची मैत्रीण, पपई घेऊन आल्या, त्यांनाही दारातून परत पाठवलं. आपल्याला असं कोणी बघू नये, असं त्यांच्या मनानं घेतलं. नाना दिवसभर कामावर. माझी ड्युटी संध्याकाळची, कंटेनर भरायची, म्हणून दिवसा काकूंजवळ मी. भरवायचं, कूस बदलायची, केस विंचरायचे. हळूहळू त्यांचं बोलणं मला कळायला लागलं. कसं ते सांगता येत नाही — कानाला सवय होते. नानांना पाणी आणि चहा, एवढंच कळायचं. बाकी काहीही असलं की ते मला हाक मारायचे, "गजा, बघ रे काय म्हणते."

एका दुपारी काकूंनी मला खुणेनं जवळ बोलावलं. माझा आवाज काढ, म्हणाल्या. पहिल्यासारखा. मी काढला. त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या, जीभ कुठं लागते, ओठ कसे होतात. मग स्वतः करून बघायला लागल्या. डॉक्टरनी सांगितलेले व्यायाम त्यांना जमत नव्हते, पण आपलाच आवाज माझ्या तोंडून ऐकायचा आणि त्याच्या मागून जायचं, हे जमायला लागलं. मग रोज दुपारी आमचं तेच. या वर्षी शेवटच्या कंटेनरला मी येणार, त्यांनी मला सांगितलं. हाक मीच देणार. नानांना बोलायचं नाही — आणि डावं बोट ओठावर ठेवून हसल्या. अर्ध्याच तोंडानं हसल्या. पण हसल्या.

माझ्या हातात काय दिलं होतं त्यांनी, कळतंय ना तुम्हाला?

जेवण दुपारचं होतं. आमच्याकडं शेवटच्या कंटेनरच्या दिवशी मालक, म्हणजे आप्पा, मटण करतात. बायका आधी जेवून झाडाखाली बसल्या होत्या. गडीमाणसं रिकाम्या क्रेटच्या थप्पीमागं, बाटल्या घेऊन. मी पण घेतली. सगळे म्हणतात, गजाची शुद्ध हरपली होती. नव्हती. डोकं जड होतं, कान गरम होते, पण शुद्ध होती. हे मी पहिल्यांदाच कुठं तरी म्हणतोय.

त्यांनी मला चिडवायला घेतलं होतं. माझं वऱ्हाडी बोलणं काढून एक ड्रायव्हर म्हणाला, "कायले पितं बे गजा? काकू मारतीन ना!" दुसरा म्हणाला, "लवकर सोडा रे त्याला, काकूची वेणी घालायची राहिली आसंल." तिसरा म्हणाला, "वेणीच घालणार. सून हाय ती नानाच्या घरची!"

सगळे हसले. मला हसून सोडता आलं असतं. उठून जाता आलं असतं. त्याच्या आईवरून शिवी देता आली असती — ती सुद्धा बरी होती. मग कोणीतरी म्हणालं, सूनबाई, सासूचा आवाज तरी काढून दाखव. मी काढला. जुनाच, जोरदार. टाळ्या पडल्या, पण थोड्या. हा त्यांनी खूपदा ऐकलेला होता.

"आता नवीन ऐका," मी म्हणालो.

तोंड एका बाजूला ओढलं. उजवा हात लोंबता सोडला. आणि काकू दुपारी जशा ती हाक द्यायला जायच्या — अडखळायच्या, परत सुरू करायच्या, चिडून डाव्या हातानं स्वतःची लाळ पुसायच्या — ते सगळं केलं. जसंच्या तसं. चांगलं केलं मी ते. हेच तर सांगतोय, चांगलं केलं. झिंगलेल्या माणसाच्या जिभेला ते जमलंच नसतं. एक जण हसता हसता ठसकला. "परत, परत," म्हणाले. मी परत केलं.

थप्पीच्या पलीकडे आप्पांची गाडी उभी होती. काच खाली होती. आत काकू बसल्या होत्या, नाना त्यांना घेऊन आले होते. त्या येणार हे मला माहीत होतं, फक्त आल्यात हे माहीत नव्हतं. आल्या नसत्या तर माझं पाप कमी झालं असतं का? मला नाही वाटत.

लताबाई थप्पीला वळसा घालून आल्या आणि माझ्या थोबाडीत मारली. "हरामखोरा, त्या गाडीत बसल्यात." बस, एवढंच बोलल्या. काकू खाली उतरल्याच नाहीत. नाना त्यांना तसंच घरी घेऊन गेले. नारळ आप्पांनी फोडला. हाक कोणीच दिली नाही. कंटेनर मुकाट्यानं निघून गेला.

सकाळी आप्पांनी बोलावलं. लताबाई दारात उभ्या, मागं लाइनच्या बायका. "हा राहणार असंल तर पुढच्या सीझनला आम्ही नाय येणार." मी आप्पांचे पाय धरले. मला काहीच आठवत नाही म्हणालो. प्यायल्यावर काय झालं, कोण काय बोललं, काहीच नाही. रडलो. रडणं खरं होतं, पण ते कशासाठी? मी कुठं जाऊ, यासाठी. आई गावात सांगत असते, माझा पोरगा नाशिककडं चांगल्या घरात आहे — तिला काय सांगू, यासाठी. काकूंसाठी त्या रडण्यात काय होतं, ते मी खूप वेळा शोधून बघितलंय.

आप्पा म्हणाले, "माफ करणारा मी कोण? वहिनी सांगतील तसं. त्या काढ म्हणाल्या तर आजच्या आज गाडीत बसायचं."

म्हणून सगळे घरी गेलो. काकू खाटेवर, उशीला टेकून. नाना पायाशी. आप्पा वाकून म्हणाले, "वहिनी, पोरगं म्हणतं त्याला काही आठवत नाही. नशेत झालं म्हणतो. ठेवू का काढू? तुम्ही सांगा."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मग बोलल्या. आजारानंतर पहिल्यांदाच चार माणसांपुढं बोलल्या, लाळ आली तरी थांबल्या नाहीत. एकेका शब्दाला त्यांना किती कष्ट पडत होते ते त्या खोलीत मलाच माहीत होतं. संपल्यावर आप्पांनी नानांकडं बघितलं. आणि नानांनी, रोजच्या सवयीनं, माझ्याकडं.

"गजा, काय म्हणते रे?"

कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. गुन्हेगार मी, आणि निकाल वाचून दाखवणारा पण मीच. मी म्हणालो, "काकू म्हणतात — पोर आहे. चुकलं. राहू द्या."

त्या असं म्हणाल्या नव्हत्या.

काकूंनी डावा हात खाटेच्या कडेवर आपटला. परत तेच बोलल्या, आणखी जोरात. आप्पांनी विचारलं, "आता काय?" आणि मी — इतक्यात कसं सुचलं मला? — मी म्हणालो, "म्हणतात, सगळे चहा घेऊन जा."

लताबाई म्हणाल्या, "एवढं बोलली ती, आन् चहा?" पण तोवर नाना रडायला लागले होते. हात जोडून म्हणत होते, हिचं मन पहिल्यापासून मोठं. लताबाईंनी काकूंकडं बघितलं. काकूंनी तोंड भिंतीकडं केलं होतं. चहा मीच केला. सगळ्यांनी घेतला.

त्यानंतर काकू बोलल्या नाहीत. माझ्याशी नाही, नानांशीही नाही. पाणी सुद्धा खुणेनं. डॉक्टर म्हणाले, बारीकसा दुसरा झटका येऊन गेला असेल. मी मान डोलावली. खुणेनं नानांना खरं सांगता आलं असतं त्यांना, नुसती मान नाही अशी हलवली असती तरी पुरलं असतं. का नाही सांगितलं? मी बरीच उत्तरं तयार केली. सगळी माझ्या सोयीची निघाली, म्हणून सोडून दिली. मी भरवायचो, त्या तोंड उघडायच्या. बघायच्या मात्र माझ्या खांद्यावरून, मागं कुठं तरी. पुढच्या थंडीत त्या गेल्या.

त्या माफीवर माझं सगळं उभं आहे. नोकरी टिकली, नाना थकल्यावर त्यांची जागा मिळाली, लग्न झालं. लग्नात वडिलांच्या जागी नाना बसले. माझ्या पोरीला मांडीवर घेऊन नाना सांगतात, "तुझी आजी शेवटचं बोलली ना, ते तुझ्या बापासाठी." काकूंचे शेवटचे शब्द म्हणून त्या घरात जे जपून ठेवलंय, ते माझे आहेत.

परवा संध्याकाळी नानांकडं बसलो होतो. अधूनमधून ते म्हणतात, तिचा आवाज काढ ना एकदा. मग मी ती हाक काढतो, जुनी, आणि ते डोळे मिटून ऐकतात. परवा म्हणाले, "गजा, ते शेवटचं बोलली ते काढ की. तिच्या आवाजात."

मी काढलं. "पोर हाय. चुकलं. राहू द्या." आजारपणातल्या आवाजात, जड जिभेनं, थांबत थांबत. नानांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. "अगदी तशीच," म्हणाले.

तशी नाही. मी सांगतो काकू काय म्हणाल्या. "खोटं बोलतोय. सगळं आठवतं त्याला. घरात नको मला हा."

तेही मला त्यांच्या आवाजात येतं. हुबेहूब येतं.