वाडीत थांबा

आईनं वहिनीला एकाच अटीवर सोडलं. “दिवा लागायच्या आत घरी आण. अन् तिले ऊन लागलं, पाय मुरगळला, काईबी झालं, तं तिचं फिरणं बंद अन् तुहंबी बंद. मंग घरात बसून छाप पत्रकं.”

मी बावीस वर्षांची होते आणि खरंच पत्रकं छापत होते. बोटं कायम सायक्लोस्टाईलच्या शाईनं काळी. ‘बायांनो, घराबाहेर पडा’ हे वाक्य माझंच. पांढुर्ण्याच्या अर्ध्या भिंतींवर ते मी स्वतः चिकटवलं होतं. आणि माझ्याच घरात, लग्न होऊन दीड महिना झालेली साताऱ्याकडची वहिनी स्वैपाकघर ते गच्ची एवढाच प्रवास करत होती. मला याची लाज वाटत होती. दोन दिवस आईशी भांडून मी तिला आमच्या चालणाऱ्या मंडळात आणलं. मंडळ म्हणजे सातआठ माणसं आणि पुढारी म्हणून पोस्टातून रिटायर झालेले एक काका. पहाटेच्या पॅसेंजरनं तिगावला उतरायचं आणि टेकड्या, गावं करत पांढुर्ण्याला चालत यायचं. महिना मे.

सकाळ झकास गेली. वहिनीनं पदर खोचला आणि काकांच्याही पुढं चालू लागली. पळसाचं पान तोडून तिनं त्याची टोपी केली. दीड महिन्यात मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

मग टेकडीवरचं एक गाव लागलं. गावात हापशी, हापशीवर ताजा निळा रंग आणि आत पाणी नाही. दांडा मारला की नुसती खरखर.

“कधीपासून बंद आहे?” मी विचारलं.

“होळीच्या आंधीपासून,” एक बाई म्हणाली. “परवा साहेब आले, रंग मारून गेले.”

रंग मारून गेले! माझं डोकं फिरलं. मी हापशीच्या ओट्यावर चढले आणि बोलायला लागले. मंडळातल्या सगळ्यांना अर्ज लिहायला आणि अंगठे घ्यायला बसवलं.

“पोरी, ऊन चढून राहिलं,” काका म्हणाले.

“काका, ते यांच्यावरही चढून राहिलं!”

तेवढ्यात वहिनी मागून म्हणाली, “वन्सं, नवी चप्पल चावलीय. जरा कुठं टेकू का?”

मी मान न वळवता सांगितलं, “तुम्ही व्हा पुढं. टेकडी उतरली की वाडी लागते. विहीर आहे, सावली आहे. वाडीत थांबा.”

ती गेली. मी आणखी तासभर बोलले.

आम्ही उतरलो तेव्हा संत्र्याची वाडी समोरच होती. मृगाच्या बहारासाठी झाडांचं पाणी तोडलेलं, त्यामुळे पानं मलूल, पण विहीर भरलेली. राखण करणारी एक म्हातारी झाडाखाली बसली होती. वहिनी नव्हती.

“मावशी, हिरव्या साडीतली एक बाई आली होती का?”

“आली ना. मले म्हणे, वाडी कोठं हाये? म्या म्हटलं, कोणाची वाडी पायजे? तं म्हणे, जेथं घरं हायेत ते. म्हटलं, घरं तं ढान्यावर हायेत, त्या टेकडीच्या पल्याड. गेली मंग.”

“अन् तुम्ही जाऊ दिलं?”

“मंग का पदर धरू तिचा? वाडीत उभी राहून वाडी इचारून राहिली बाप्पा!”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे वाडी म्हणजे संत्र्याची बाग. साताऱ्याकडे वाडी म्हणजे चार घरांची वस्ती, ज्याला आम्ही ढाना म्हणतो. मी तिला सावलीत पाठवलं होतं आणि ती माझा शब्द पाळून भर उन्हात निघाली होती.

“पाणी आहे का तिच्याजवळ?” काकांनी विचारलं.

पाण्याची छागल काकांच्याच खांद्यावर होती.

मी पळत सुटले. वाटेत हापशीला शिव्या घातल्या, रंग मारणाऱ्याला घातल्या, आईच्या अटीला घातल्या. अर्ध्या चढावर शिव्या घालायला माणसं संपली आणि मी एकटी उरले. ‘लोकांना कळेल अशा भाषेत बोला’ हेही मीच छापलं होतं. दर वळणावर मला झुडपाखाली हिरवी साडी दिसे आणि ती पळसाची पानं निघत.

ढाना म्हणजे पाच घरं. पहिल्याच घराच्या ओसरीवर वहिनी मांडी घालून बसली होती. डोक्यावर ओलं फडकं, टाचेला हळद, हातात ताकाचा गिलास आणि भोवती चार बाया.

“या वन्सं,” ती म्हणाली. “केवढी लांब हो तुमची वाडी!”

मी तिथंच बसले आणि रडायला लागले. मलाच ऊन लागलं असं समजून त्या बायांनी अख्खी कळशी माझ्या डोक्यावर ओतली. नाल्यातल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं भरलेली कळशी! मी नको नको म्हणत होते आणि रडत होते, आणि इतकं बरं मला आजवर कधी वाटलं नव्हतं.

मग मी वाडीचा घोटाळा सांगितला.

“म्हणजे मी विहिरीजवळ उभी राहून वाडी विचारत होते?”

“हो.”

“त्या मावशींनी मला येडी समजलं असेल.”

“समजलंच.”

ती हसता हसता ओसरीवर आडवी झाली.

आम्ही घरी पोचलो तेव्हा दिवा लागायचा होता. आई दारातच. तिनं वहिनीचं कपाळ पाहिलं, हात पाहिले, मग टाच.

“हे काय?”

“चप्पल चावली, आई.”

“दुपारच्या उन्हात कोठं होती?”

मी तोंड उघडलं. वहिनीनं मला बोलू दिलं नाही.

“दुपारभर वाडीत बसले होते,” ती शांतपणे म्हणाली. “वन्संनीच सांगितलं होतं, वाडीत थांबा म्हणून.”

आईचा चेहरा सैल झाला. “वाडीत होती ना? मंग बरं. सावली राहते तेथं.” मग माझ्याकडे वळून, “पाह्य, तिले समजते. तुलेच नाही समजत.”

एरवी मी अर्धा तास भांडले असते.

“पुढच्या खेपी तिले माही जुनी चप्पल देजो,” आई म्हणाली आणि दिवा लावायला आत गेली.

पुढच्या खेपी! वहिनीनं मला कोपरानं ढोसलं. मी गुपचूप पाय धुवायला गेले.