वकीलसाहेबांची शुक्रवारची बैठक

वकीलसाहेबांना साधं ‘कसे आहात’ विचारलं, तरी ते आधी माझ्या मागे कोणी उभं आहे का ते पाहत. मग म्हणत, “का? कोणी विचारायला सांगितलं?” ते इराणचे. तेहरानमध्ये वकिली केलेली. इथे ओहायोतल्या डब्लिनला एका छापखान्यात प्रुफं तपासत. घरात खाली ते, वर मी, दोघेही भाडेकरू.

वाचल्याशिवाय सही नाही, हा त्यांचा बाणा. कुरिअरवाल्यालाही पावतीमागचा बारीक मजकूर वाचून होईपर्यंत दारात उभं ठेवत. “सही घेणाऱ्याला नेहमी घाई असते,” ते म्हणत.

दर शुक्रवारी संध्याकाळी तीन म्हातारे त्यांच्याकडे येत. पडदे ओढले जात, फारसीत वाद चाले. न्यूयॉर्कचे मनोरे पडल्यानंतरचे ते दिवस. माझा मित्र मंदार म्हणाला, “यार, घर बदल. उगाच तुझा व्हिसा अडकेल.” तेव्हापासून मी जिन्यात थबकून कानोसा घेऊ लागलो; दाराच्या फटीतून टेबलावरचे कागद तेवढे दिसत. कळत काहीच नव्हतं, म्हणून भीती जास्तच.

एक दिवस दोन सरकारी माणसं माझ्या दारात आली. खालच्या बैठकीबद्दल विचारू लागली. “पडदे ओढून कसले तरी कागद वाचतात,” मी सांगून टाकलं.

पुढच्या शुक्रवारी वकीलसाहेबांनी मला खाली बोलावलं. टेबलावर त्यांच्या आजोबांची वही होती. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी इराणच्या राजाकडे संसद मागायला हजारो लोक जमले, त्यांत ते आजोबा होते. मिळालेली पहिली राज्यघटना त्यांनी वहीत उतरवून घेतली होती. तीच हे चार म्हातारे इथे जन्मलेल्या नातवंडांसाठी इंग्रजीत आणत होते. वाद चालायचा तो एकेका शब्दावरून.

“राजाने घटनेवर सही केली, त्याच्यानंतर गादीवर आलेल्या मुलाने संसदेवर तोफा डागल्या,” वकीलसाहेब म्हणाले. “मग धरपकड. आजोबांना शेजाऱ्याने पकडून दिलं.”

मी चहाचा कप खाली ठेवला. “साहेब, त्या लोकांना मीच सांगितलं.”

“माहीत आहे. त्यांनी येऊन मला कागदांचंच विचारलं. खोटं नाही बोललात. घाबरलात. आजोबांचा शेजारीही घाबरलाच होता.” आणि त्यांनी साखरेची वाटी माझ्यापुढे सरकवली.

त्यानंतर इंग्रजी मसुदा मोठ्याने वाचायला ते मला दर शुक्रवारी बोलवत. वही मात्र कधी हातात दिली नाही.

दोन वर्षांनी ते मुलीकडे कॅलिफोर्नियाला निघाले. खोकी मीच गाडीत चढवली. तिकडचा पत्ता मागितला, तेव्हा त्यांनी आधी माझ्या मागे कोणी उभं आहे का ते पाहिलं.

“मीच कळवीन,” म्हणाले.

मी त्या घरात आणखी तीन वर्षं राहिलो. त्यांचं पत्र आलं नाही.