चिंचेखालची चूल

लढाईच्या दिवसांत नगरच्या एका दवाखान्यात मी शिकाऊ डॉक्टर होते. तिथल्या थोरल्या डॉक्टरीणबाई आम्हाला आठवड्यातून एकदा स्टेशनच्या रस्त्याला न्यायच्या. दुष्काळाने गाव सुटलेली माणसं तिथे झाडांखाली राहायची. बाईंचा दंडक एकच. "आधी खाली बसा. उभ्याने विचारलंत तर कुणी काही सांगणार नाही." धुवट पातळाला माती लागायची नि मी मनातल्या मनात चरफडायची, पण बसायची.

तिथे चिंचेखाली एक म्हातारी होती. तीन दगडांची चूल, एक गाडगं, एक वाकळ, संपला संसार. पाय घोट्यापर्यंत सडत आलेला. दवाखान्यात चल म्हटलं तर हटून बसली.

"माजं पोरगं पल्टनीच्या खेचरांसंगं गेलंया. त्याला ह्येच झाड ठावं हाय. मी उठले की दुसरं कुनी बसंल हितं. मंग त्यो मला कुठं हुडकंल?"

"अगं, जीव राहिला तर पोरगा भेटेल ना!" मी ओरडलेच. बाईंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं नि म्हातारीला म्हणाल्या, "तुझी जागा आम्ही राखतो. रोज संध्याकाळी ही येऊन चूल पेटवील. मग तर येशील?"

ही म्हणजे मी! घरी नेवाशाला चुलीचं नाव काढलं की पळणारी, आणि डॉक्टर होऊन नशिबी काय, तर चूलच. आईने ऐकलं असतं तर पोट धरून हसली असती. बाईंपाशी कुरकुरले तर म्हणाल्या, "औषधच आहे ते. तिला दुसरं कुठलं लागू पडतंय?"

म्हातारी आली, पण फार उशिरा आली. विष अंगात भिनलं होतं. सकाळी गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "चूल पेटली हुती का गं?" पेटली होती म्हटलं की मुकाट्याने पट्टी बदलू द्यायची. शेवटच्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, "इझू देऊ नगंस." मी हो म्हटलं. दुपारी ती गेली. मी जिन्याखाली जाऊन ढसाढसा रडले.

पुढेही मी जात राहिले. मैत्रिणी म्हणायच्या, वेड लागलंय हिला. बाई मात्र माझ्यासाठी काटक्या बाजूला काढून ठेवायच्या. पोरगा आला तर त्याला सांगायला कुणीतरी तिथे असावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

थंडीचे दिवस आले. एका संध्याकाळी वारा बोचत होता म्हणून डोक्यावरून पदर घट्ट ओढून, रस्त्याकडे पाठ करून मी चुलीला फुंकर घालत होते. मागून कुणीतरी धावत आलं.

"आये! लांबनं धूर दिसला न् म्हनलं, हायच आपली म्हातारी!"

इतकं सुख मी पुन्हा कुणाच्या आवाजात ऐकलं नाही. वळूच नये असं वाटलं. वळले. खाकी सदरा, खांद्यावर गाठोडं, जेमतेम मिसरूड फुटलेलं पोर. तोंडावरचं हसू तसंच होतं. त्याने चुलीकडे पाहिलं, गाडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आय पान्याला गेलीया व्हय?"

अरे देवा! मी चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. "बस बाबा," मी म्हटलं, "आधी खाली बस."